कोलेस्टेरॉल छान, मग हृदयाला धोका कसा?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. मधुमेहामुळे किडन्या निकामी झाल्या, दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. वजन ६० किलो. कोलेस्टेरॉल १२८ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.२ आलं तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. पण डॉक्टर म्हणाले, हृदयाला जपा. फॉस्फरस ७.४ आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.१ आहे. फॉस्फरसची गोळी बाबा सकाळी उठल्याबरोबर बाकीच्या गोळ्यांबरोबर घेतात. कोलेस्टेरॉलचीही गोळी सुरू करावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ज्या दोन आकड्यांनी तुम्हाला हायसं वाटलं, त्यांवर विसंबू नका. डायलिसिसवरच्या माणसाच्या लाल पेशी लवकर मरतात, शिवाय रक्तवाढीच्या इंजेक्शनांमुळे नव्या पेशी भराभर येतात. त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, म्हणून एचबीए१सी आहे त्यापेक्षा कमी दिसतं. घरच्या ग्लुकोमीटरवरचे उपाशीपोटीचे आणि जेवणानंतर दोन तासांचे आकडे वहीत लिहा आणि ती वही दाखवा. इन्सुलिन चालू असेल तर जास्तच सावध राहा. ते मोडून रक्तातून काढण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी थकली की त्याचा असर रेंगाळतो आणि रात्री साखर एकदम खाली जाते.

कोलेस्टेरॉल १२८ आणि अल्ब्युमिन ३.१ एकत्र दिसतात, तेव्हा बहुतेकदा अंगात प्रथिनं कमी पडताहेत किंवा कुठेतरी दाह चालू आहे असा अर्थ असतो. ही चांगली बातमी नाही. राहिला गोळीचा प्रश्न. २००५ साली जर्मनीत डायलिसिसवरच्या मधुमेही रुग्णांना अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी देऊन पाहिली. कोलेस्टेरॉल उतरलं, पण हृदयविकार आणि मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. २००९ मध्ये रोझुव्हास्टॅटिनचंही तेच झालं. म्हणून डायलिसिसवर ही गोळी सहसा नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर मात्र परस्पर बंद करू नका. अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली असेल, तर निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा.

खरी काळजी फॉस्फरसची आहे. तो वाढला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, त्या कडक होतात आणि हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. हिशेब असा : रोज जेवणातून ९०० मिलिग्रॅम फॉस्फरस गेला आणि त्यातला साठ टक्के रक्तात शिरला, तर आठवड्याला पावणेचार हजारांच्या आसपास होतो. चार तासांचं एक डायलिसिस साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम काढतं. दोनदा केलं तरी निम्मा उरतोच. तो रक्तात शिरण्याआधीच आतड्यात धरून ठेवणं हे या गोळीचं काम. सकाळी रिकाम्या पोटी घेतल्यावर ती धरणार काय? दोन्ही जेवणांत, पहिल्या दोन-चार घासांबरोबर घ्या. सेव्हेलॅमर असेल तर अख्खी गिळायची, कॅल्शियमची चघळायची असेल तर नीट चघळायची. बाहेर जेवायला जाताना खिशात ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं.

फॉस्फरस कमी करायचा म्हणून डाळ-अंडी तोडू नका, अल्ब्युमिन आणखी घसरेल. बाबांना रोज ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं लागतात. अंड्याच्या एका पांढऱ्या भागातून साडेतीन ग्रॅम मिळतात आणि फॉस्फरस जेमतेम असतो; पिवळं मात्र बाजूला काढा. तोडायचंच तर कोला, प्रोसेस्ड चीज, पाकिटातले सॉसेज-नगेट तोडा. त्यांत टाकलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा रक्तात जातो, डाळीतला त्या मानाने बराच कमी.

प्रश्न : बीपीसाठी आईला ‘लो सोडियम’ मीठ देऊ का? तीही डायलिसिसवर आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अजिबात नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातही. सैंधवही मीठच आहे, त्याने बीपी उतरत नाही. साधंच मीठ, पण दिवसभराचं सगळं धरून चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत. लोणचं-पापड त्यातच आले. पोटॅशियमसाठीच शहाळ्याचं पाणीही बंद. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. दोन डायलिसिसमधलं अंतर सर्वांत लांब असतं, त्या दिवसांत जास्त जपा. पाय एकदम लुळे पडले किंवा छातीत धडधडलं, तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा आणि ईसीजी काढायला सांगा.