'ओसाड', 'भकास', 'भयाण' आणि गॉथिक कादंबरीचा सूर

प्रश्न असा आहे: गॉथिक कादंबरीत, म्हणजे जुन्या वास्तू, गूढ आणि भीती यांवर उभ्या असलेल्या कादंबरीत, शब्दांमुळे वातावरण उभं राहतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि 'ओसाड', 'उजाड', 'भकास', 'भयाण' हे एकमेकांच्या जागी चालतील का?

नाही चालणार. 'ओसाड' म्हणजे माणसं निघून गेलेली जागा. भिंती शाबूत असल्या तरी घर ओसाड असू शकतं. 'उजाड'मध्ये नासधूस आहे, काहीतरी होऊन गेलेलं आहे. 'भकास' मात्र पाहणाऱ्याच्या मनाकडे झुकतो. माणसं वावरत असली तरी दिवाणखाना भकास वाटतो. 'भयाण' तर थेट निकालच देतो, आणि म्हणूनच चौघांत तो सर्वांत कमी कामाचा. हवेली आधी ओसाड आणि नायिका तिथे राहू लागल्यावर भकास झाली, तर वाचक तिच्या सोबतीने आत शिरतो. पहिल्याच ओळीत ती भयाण ठरली की पुढे चढायला पायरी उरत नाही.

इंग्रज गॉथिक कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांच्या १८२६ साली, म्हणजे मरणोत्तर, छापल्या गेलेल्या निबंधात भीतीचे दोन प्रकार केले आहेत: एक धूसरपणातून येते आणि जाणिवा जाग्या करते, दुसरी त्या गोठवून टाकते. मराठीत पहिलीला 'धास्ती' जवळचा, कारण धास्ती अजून न घडलेल्या गोष्टीची असते. 'थरकाप' समोर काही आल्यावरचा. तो आधीच खर्च केला तर प्रसंगाच्या वेळी हाती काही राहत नाही.

विशेषणांपेक्षा क्रियापदं जास्त काम करतात, आणि इथे मराठीची एक सोय आहे. 'दार उघडलं' या वाक्यात दार आपोआप उघडलं की कुणी उघडलं, हे कळत नाही. दोन्हींसाठी रूप एकच. 'मेणबत्ती विझली' आणि 'विझवली' यांत मात्र निवड करावीच लागते. 'विझवली' म्हटलं की खोलीत आणखी कुणीतरी आलं. अनुवादक बरेचदा 'दार उघडले गेले' असं लिहितात आणि फुकट मिळालेली संदिग्धता घालवतात. वर वाक्याला पंचनाम्याचा वास येतो तो वेगळाच.

तोच वास 'मृतदेह'लाही आहे. तळघरात सापडतं ते 'प्रेत'; 'कलेवर' म्हटलं की शोकाचा, काहीसा अलंकारिक सूर लागतो, 'मढं' म्हटलं की बोलणारा गावाकडचा ठरतो. एकाच परिच्छेदात यांतले दोन आले तर निवेदकाचा आवाज फाटतो.

अंधाराचंही तसंच. 'मिट्ट' डोळ्यांपुरता आहे, 'किर्र'मध्ये रातकिड्यांचा आवाज भरलेला आहे. त्यामुळे 'किर्र काळोख' रानात शोभतो, दगडी तळघरात खटकतो. तिथे 'मिट्ट काळोख' लिहून 'कुबट' हा एकच वासाचा शब्द जोडला तरी पुरे. 'तिमिर' गद्यात नकोच.

नादशब्द जपून वापरावेत. 'खुट्ट' एकदाच होतं, म्हणून दचकवतं. 'करकर' लांबत जाते, जिन्यावर कुणी हळूहळू चढत असेल तिथे ती योग्य. पण 'दारंबिरं', 'सावलीबिवली' अशी जोडी आली की निवेदक गप्पा मारायला बसल्यासारखा वाटतो. हे शब्द वापरायचेच असतील तर भुताखेतांवर विश्वास नसलेल्या पात्राच्या तोंडी द्यावेत.