‘श्रेष्ठ’ नव्हे, ‘वरची’

प्रश्न असा आला आहे: खुब्याच्या रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक लिहिताना ‘सुपीरियर ग्लुटिअल आर्टरी’ला काय म्हणावं? संगणकाने ‘श्रेष्ठ नितंब धमनी’ असं भाषांतर दिलं, ते चालेल का?

‘श्रेष्ठ’ आधी काढून टाका. इथे सुपीरियर म्हणजे नुसतं ‘वरची’. पण कशाच्या वरची? इथेच खरी गोम आहे. त्रिकास्थीपासून (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडापासून) मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाकडे पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू जातो. श्रोणीच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या, पोकळीतून ही रक्तवाहिनी मागे येते ती या स्नायूच्या वरून. तिच्या जोडीची ‘इन्फीरियर’ येते त्याच्या खालून. बाहेर पडल्यावर वरचीला दोन फाटे फुटतात. उथळ फाटा नितंबाच्या सर्वांत मोठ्या स्नायूत शिरतो आणि खोल फाटा मधल्या व धाकट्या स्नायूंच्या मधून पुढे सरकतो. म्हणजे नावातलं ‘वर-खाली’ रक्तवाहिनी कुठून बाहेर पडते ते सांगतं.

म्हणून ‘ऊर्ध्वनितंब रोहिणी’ (रोहिणी म्हणजे धमनीच) असा समासही नको. त्याचा अर्थ ‘नितंबाच्या वरच्या भागाची रोहिणी’ असा होतो. ‘ऊर्ध्व नितंब-रोहिणी’ असं तोडून लिहा (आणि ऊ दीर्घच हवा, ‘उर्ध्व’ नाही). रुग्णांसाठी मात्र ‘वरची नितंब-रोहिणी’ हेच मला सरस वाटतं.

धमनी की रोहिणी? दोन्ही शुद्ध. चरकाने ‘ध्मानाद्धमन्यः’ अशी धमनीची व्युत्पत्ती दिली आहे. ध्मा म्हणजे फुंकणे. सुश्रुताकडे रक्त वाहणाऱ्या सिरा त्या रोहिणी आणि पित्त वाहणाऱ्या त्या नीला. आधुनिक मराठीने ही जोडी उचलून तिला नवे अर्थ दिले: आर्टरी ती रोहिणी, व्हेन ती नीला. रोहिणी-नीला कानाला लगेच वेगळ्या कळतात, म्हणून माझं मत रोहिणीला. मात्र एकाच पत्रकात दोन्ही शब्द मिसळू नका.

उरला ‘नितंब’. संकोचाने आपण ‘कमरेत इंजेक्शन दिलं’ म्हणतो, सुई मात्र कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या भागात टोचलेली असते. बोलताना ते खपतं. पत्रकात ‘कंबर’ लिहिलंत तर वाचणारा पाठीच्या दुखण्याकडे वळेल. पहिल्यांदा ‘नितंब (कुल्ला)’ असं लिहा, पुढे नुसतं नितंब पुरे.