व्हिएन्नातील संग्रहालये : यादी आखडा, क्रम नीट लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मार्चमध्ये रविवार ते मंगळवार असे तीन दिवस व्हिएन्नात मिळणार आहेत, सोबत गुडघे दुखणाऱ्या आई आणि इतिहासाचे वेड असलेला चौदा वर्षांचा मुलगा आहे, सात संग्रहालयांची यादी तयार आहे आणि सर्वांसाठी पास काढावा की नाही, हे ठरत नाही. माझे मत असे, की सातांपैकी चारच ठेवावीत आणि उरलेला सगळा विचार त्यांच्या क्रमावर खर्च करावा. व्हिएन्नातील मोठे संग्रह बव्हंशी ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या एकाच हॅब्सबर्ग राजघराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले आहेत. त्या घराण्याचा उत्कर्ष आणि शेवट डोळ्यांपुढे ठेवून दालने पाहिली, तर मुलाला ती एका सलग गोष्टीसारखी कळतील. एरवी तिसऱ्या दिवशी त्याला सगळ्या सोनेरी चौकटी सारख्याच दिसू लागतील.

क्रम ठरवताना सुट्टीचे वार आधी पाहावे लागतात. कुन्स्टहिस्टोरिशेस म्यूझियम, म्हणजे कलेतिहासाचे मुख्य संग्रहालय, उन्हाळ्याचे महिने सोडल्यास साधारणपणे सोमवारी बंद असते. तर नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय आणि राजमुकुट ठेवलेला शाही खजिना मंगळवारी बंद असतो. म्हणून रविवार हा कुन्स्टहिस्टोरिशेससाठीच राखून ठेवा. (निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा एकदा पडताळून घ्याव्यात, कारण विशेष प्रदर्शनाच्या काळात त्या बदलतात.)

ही इमारत सम्राट फ्रान्त्स योझेफच्या काळात घराण्याचे संग्रह मांडण्यासाठी मुद्दाम बांधली गेली आणि 1891 मध्ये खुली झाली. जिना चढताना लगेच पुढे जाऊ नका. खांबांच्या वरच्या कमानींलगत जी चित्रे आहेत, त्यांतील काही तरुण गुस्ताव क्लिम्टची आहेत. सोनेरी वर्ख लावणारा प्रसिद्ध क्लिम्ट होण्यापूर्वी तो असे कंत्राटी सजावटकाम करीत असे. लिफ्ट आहे, त्यामुळे आईंना जिना चढण्याची गरज नाही. पण वर पोहोचल्यावर हा भाग त्यांना कठड्यापाशी उभे राहून जरूर पाहू द्या.

चित्रदालनात सगळ्या खोल्या फिरण्याचा हट्ट धरू नये. दोनच ठिकाणी रेंगाळा. पहिले म्हणजे थोरल्या पीटर ब्रूगेलची खोली. त्याची जी चाळीसेक चित्रे आज शिल्लक आहेत, त्यांपैकी बारा इथे आहेत. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचे 1565 चे चित्र लांबून शांत निसर्गदृश्यासारखे वाटते. जवळ गेल्यावर लक्षात येते की एवढ्या शिकारीनंतर हाती लागला आहे तो एकच कोल्हा, कुत्र्यांच्या माना खाली गेल्या आहेत, खानावळीची पाटी एका कडीवर लोंबकळते आहे आणि खाली गोठलेल्या तळ्यावर मुले मात्र मजेत घसरत आहेत. मुलाला ‘यात काय काय दिसते ते सांग’ एवढेच म्हणा आणि बाकावर बसा.

दुसरे ठिकाण स्पेनचा दरबारी चित्रकार वेलास्केझ याच्या चित्रांचे. याच घराण्याच्या स्पेनमधील शाखेची राजकन्या मार्गारिता हिची लहानपणापासूनची चित्रे माद्रिदहून व्हिएन्नाला येत राहिली, कारण तिचे लग्न सम्राट पहिल्या लिओपोल्डशी ठरलेले होते आणि सासरच्यांना मुलगी कशी वाढते आहे, हे कळायला हवे होते. लिओपोल्ड हा तिचा सख्खा मामा. निळ्या पोशाखातील 1659 च्या चित्रात ती आठ वर्षांची आहे. कापडावरील रुपेरी किनार जवळून पाहिली तर रंगाचे नुसते ओबडधोबड फटकारे दिसतात. चार पावले मागे सरकले की तीच किनार चमकू लागते. 1666 मध्ये तिचे लग्न झाले आणि 1673 मध्ये, एकविसाव्या वर्षी, ती गेली. घराण्याने सत्ता आपल्या घरातच राखण्यासाठी काय किंमत मोजली, हे इतक्या थेटपणे सांगणारी भिंत मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

सोमवारी बेल्वेडेअर प्रासाद आणि लष्करी इतिहासाचे संग्रहालय ही जोडी करा. वरच्या बेल्वेडेअरमध्ये क्लिम्टचे ‘चुंबन’ आहे आणि त्याच्यासमोर मोबाइल उंचावलेल्यांची गर्दी ठरलेली. तिकीट वेळेसह आधीच काढून सकाळची पहिली वेळ घ्यावी. याच क्लिम्टचे आडेले ब्लॉख-बाउअर हिचे सोनेरी चित्र इथे शोधू नका. नाझींनी लुटलेल्या मालमत्तेच्या दाव्यात ते 2006 मध्ये वारसांना परत करावे लागले आणि आता ते न्यूयॉर्कमध्ये आहे. इथे मला चित्रांइतकीच वास्तू महत्त्वाची वाटते. युवराज फ्रान्त्स फर्डिनांड याच प्रासादात राहत असे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परकीय ताब्यातून ऑस्ट्रियाला मोकळे करणारा करार 15 मे 1955 रोजी इथल्याच संगमरवरी दालनात झाला.

तेथून लष्करी संग्रहालय फार लांब नाही. तरी आईंसाठी टॅक्सी करावी. 28 जून 1914 रोजी साराजेव्होत ज्या उघड्या मोटारीत फ्रान्त्स फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ती मोटार इथे आहे, आणि त्याच दालनात त्याचा फिकट निळा, रक्ताचे डाग पडलेला लष्करी कोटही आहे. सकाळी त्या माणसाचे घर पाहून दुपारी हा कोट पाहिला, की पाठ्यपुस्तकातील ‘पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण’ या ओळीला एकदम माणसाचा चेहरा येतो. याच जोडीसाठी मी बाकी यादीला कात्री लावली आहे.

मंगळवारी कार्ल्सप्लात्झ येथील वीन म्यूझियम ठेवा. ते शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, डिसेंबर 2023 मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले आणि कायमस्वरूपी प्रदर्शनाला शुल्क नाही. तुर्कांनी 1683 मध्ये घातलेला वेढा तेथे मुलाला नीट समजेल. आपल्याकडे त्या वेळी संभाजीमहाराजांची कारकीर्द चालू होती, हे त्याला सांगितले तर कालगणना पक्की बसेल. आईंच्या गुडघ्यांनी साथ दिली, तर जवळच सेझेशन या कलाकारांच्या संघटनेच्या इमारतीत क्लिम्टने 1902 मध्ये बेथोव्हेनच्या संगीतावर रंगवलेली लांबलचक भित्तिचित्रमाला पाहून घ्या. नाही जमले तरी विशेष बिघडत नाही.

पासविषयी माझे उत्तर नाही असेच आहे. ऑस्ट्रियाच्या संघीय संग्रहालयांत एकोणीस वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत आहे, त्यामुळे मुलाच्या पासाचे पैसे जवळजवळ वाया जातील. मोठ्यांचा पास वसूल करायचा तर दिवसाला तीन-चार ठिकाणी धावावे लागेल, आणि ते आईंना झेपणारे नाही. बस-ट्रामचे तिकीट वेगळे काढा. जाड कोट आणि पाठीवरच्या पिशव्या कपडेघरात ठेवाव्या लागतात, त्यामुळे औषधे आणि चष्मा हातातल्या छोट्या पिशवीत असू द्या.

तुमच्या यादीतील विलेनडॉर्फची मूर्ती, म्हणजे 1908 मध्ये सापडलेली अकरा सेंटिमीटरची अश्मयुगीन स्त्रीप्रतिमा, मुलाला पाहायचीच असेल, तर तीही रविवारीच उरका. नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय कुन्स्टहिस्टोरिशेसच्या अगदी समोर, मारिया तेरेझिया चौकाच्या पलीकडे आहे. आई घुमटाखालच्या कॅफेत कॉफी घेत बसतील, तेवढ्या वेळात तुम्ही दोघे जाऊन येऊ शकाल.