लाल उंट टेबलावर मावेल का?

प्रश्न : काका, माझा पुतण्या दिवाळीला श्टुटगार्टहून येतोय. त्याच्याकडून जर्मनीतल्या हार्त्स पर्वतातल्या नॅरोगेजच्या लाल डिझेल इंजिनाचं चालतं मॉडेल मागवायचंय. एलजीबी या मॉडेल-ब्रँडचं मोठं घेऊ की एच-झीरो-एम मापाचं छोटं? जागा म्हणजे चार बाय अडीच फुटांचं टेबल. पुढे त्याच रुळांवर माथेरानची गाडी चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इंजिनाचं नंतर बघू, आधी टेबलाला टेप लावा. एलजीबीचं प्रमाण १:२२.५, रूळ ४५ मिमीचे, आणि सर्वांत आवळ वळणाची त्रिज्याही ६०० मिमी. नुसता गोल टाकायला सव्वाचार फूट लागतात. एलजीबी बाद. एच-झीरो-एम म्हणजे मीटरगेज गाड्यांचं १:८७ चं मॉडेल, रूळ १२ मिमीचे. ३३० मिमी त्रिज्येचा गोल अडीच फुटांत बसतो. (आपण मीटरगेज वेगळं मोजतो, जर्मन लोक त्यालाही नॅरोगेजच म्हणतात.)

तुमचं लाल इंजिन म्हणजे तिकडचा ‘हार्त्सचा उंट’. मूळचं स्टँडर्ड गेजचं. पूर्व जर्मन रेल्वेनं १९८८ ते १९९० दरम्यान अशी दहा इंजिनं मीटरगेजवर आणली. हलक्या रुळांवर भार वाटला जावा म्हणून दोन आसांच्या बोग्या (म्हणजे डबे नव्हे, इंजिनाखालचे चाकांचे गाडे) काढून तीन आसांच्या घातल्या. वाफेची इंजिनं हटवायला तीस करायचा बेत होता. जर्मनी एक झाली, पर्यटकांना वाफच हवी होती, बेत बारगळला. कल्याण शेडमध्ये उभी नोकरी केलेल्या मला ही जुळणी फार आवडते. पण टेबलावर तीच नडते. आवळ वळणावर मधल्या आसाला बाजूला सरकायला वाव लागतो; रुळाच्या जोडाला जरा खाच राहिली की चाक रुळावर चढून घसरलंच.

माझं ऐका, व्ही ५२ या मीटरगेज डिझेल इंजिनाचं मॉडेल मागवा. १९६४ साली ग्माइंडर कारखान्यानं अशी खरी इंजिनं दोनच बांधली. मोसबाख–मुडाउ मार्गावर धावली, तो १९७३ला बंद झाला. पुतण्याच्याच राज्यातलं इंजिन! मधोमध केबिन, दोन आसांच्या बोग्या, अंगानं आखूड. जुनं मिळालं तर त्याला उलटं करून चाकांवरची रबरी कडी बघायला सांगा. ती कडक होऊन चिरली असेल तर चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. डिजिटल नियंत्रणाच्या नादी आत्ताच लागू नका, साधं १२ व्होल्ट डीसी पुरे. त्यांचा ट्रान्सफॉर्मरही २३० व्होल्टचाच, फक्त प्लगला अडॅप्टर लावा.

माथेरानचं म्हणाल तर नाही. तिथलं गेज ६१० मिमी, म्हणजे १:८७ ला ७ मिमी. १२ मिमीवर ती गाडी फेंगडी दिसेल. तिला ७ च्या जवळचे, ६.५ मिमीचे रूळ घ्यावे लागतील. गंमत म्हणजे माथेरानची एनडीएम-१ डिझेल इंजिनंही आर्नल्ड युंग या जर्मन कारखान्याचीच. पण त्यांचं आयतं मॉडेल मिळेल या भरवशावर राहू नका. बाजारात मिळणाऱ्या, मोटर-चाकं असलेल्या चालत्या सांगाड्यावर प्लास्टिकची बॉडी घरीच कापून बसवा. नेरळला जाऊन इंजिनाचे चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. ते पाठवलेत तर कापायची मापं मी काढून देतो.