सँक्शन : मंजुरी की निर्बंध?

प्रश्न असा आहे : ‘लोन सँक्शन झालं’ म्हणजे मंजूर झालं, मग ‘इराणवर सँक्शन्स’ म्हणजे निर्बंध कसे? एकच शब्द हो आणि नाही दोन्ही कसा म्हणतो?

मूळ लॅटिन. ‘सांक्शियो’ म्हणजे कायद्याला पक्केपणा देणं, आणि कायदा मोडल्यास काय शिक्षा ते सांगणारं कलमही. पक्केपणातून मंजुरी आली, शिक्षेतून निर्बंध. गंमत म्हणजे सावरकर ‘कायदा’ या अर्थी ‘निर्बंध’च वापरत, म्हणजे आपला प्रतिशब्दही त्याच घरातला.

ओळखायचं कसं? आधी मागेपुढे काय आहे ते बघा. ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल तर निर्बंध, ‘फॉर’ किंवा ‘ऑफ’ असेल तर बहुधा मंजुरी. अनेकवचनी ‘सँक्शन्स’ बातमीत आलं की जवळजवळ नेहमीच निर्बंध. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेनं भारतावर घातले ते हेच.

खरा घोळ ‘सँक्शन्ड’ या रूपात होतो. वीजबिलावरचं ‘सँक्शन्ड लोड’ म्हणजे मंजूर भार, ‘सँक्शन्ड पोस्ट’ म्हणजे मंजूर पद. पण ‘सँक्शन्ड टँकर’ला ‘मंजूर टँकर’ केलंत, तर ज्या जहाजाशी व्यवहार करायला मनाई आहे त्यालाच तुम्ही परवाना दिलात! तिथे ‘निर्बंध असलेला टँकर’ असंच लिहावं. ‘निर्बंधित’ चालेल, पण कानाला खडबडीत लागतं.

निर्बंध म्हणजे सरसकट बंदीही नव्हे. एम्बार्गो म्हणजे व्यापारबंदी, मग ती एखाद्या मालापुरती असो वा सगळ्या व्यापारावर. दक्षिण आफ्रिकेवर संयुक्त राष्ट्रांनी १९७७ मध्ये घातली ती शस्त्रबंदी. सँक्शन्स त्याहून व्यापक : त्यात व्यापारबंदी येते, खाती गोठवणं येतं, व्हिसा नाकारणंही येतं. मराठीत निर्बंध लादतात, शिथिल करतात, उठवतात, ‘लावले’ही चालतं.

कोर्टाच्या बातमीत आणखी जपून. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मधलं ‘सँक्शन’ म्हणजे लोकसेवकावर खटला चालवायला सक्षम अधिकाऱ्यानं आधी दिलेली मंजुरी. त्यामुळे ‘सँक्शन नाकारलं’ याचा अर्थ ‘शिक्षा टळली’ असा करू नये. कोर्टानं खटल्याची दखलच घ्यायची नाही, एवढाच तो.