सुट्टीसाठी भाड्यानं देतो त्या घरात ज्येष्ठ प्रवासी यावेत म्हणून काय करावं? त्यांना सवलत द्यावी का?

सवलतीनं काही होणार नाही. शाळांच्या सुट्ट्या संपल्या की तुमचं घर रिकामं पडतं, म्हणून साठीपुढच्यांना दहा-पंधरा टक्के कमी करून बोलवावं का आणि जाहिरातीत 'ज्येष्ठांसाठी योग्य' असं लिहिलं तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. ती ओळ लिहिण्याआधी घराच्या पायऱ्या मोजा. कठडा चढताना कुठल्या हाताला येतो ते बघा आणि जाहिरातीत तेच लिहा. ज्याचा गुडघा दुखतो किंवा ज्याला तोल जाण्याची धास्ती असते, तो भाड्याचा आकडा नंतर बघतो. तिथं गेल्यावर मला अंघोळ करता येईल का, रात्री एकट्याला उठता येईल का, हे तो आधी शोधतो. आणि बहुतेक जाहिरातींत ते नसतंच. त्यांत असतात सूर्यास्ताचे आणि उशांचे फोटो.

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं जुनं दुमजली घर दादा आणि मी मिळून भाड्यानं देतो. झोपायच्या खोल्या सगळ्या वर, खालची एक खोली अडगळीची. एकदा एका बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. बुकिंग करण्याआधीच त्यांनी विचारलं, "जिन्याला कठडा आहे का?" आहे म्हटलं. "चढताना कुठल्या हाताला येतो?" उजव्या. "आणि दुसऱ्या बाजूला?" दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. त्यावर त्या म्हणाल्या, "मग यांना वर जाता येईल, खाली उतरता येणार नाही."

त्यांच्या यजमानांना पक्षाघात होऊन गेला होता आणि डाव्या हाताची पकड गेली होती. चढताना उजव्या हाताला असलेला कठडा उतरताना डाव्या हाताला येतो. म्हणजे आमचा जिना त्यांच्यासाठी निम्माच होता. पुढे त्यांनी आणखी विचारलं: पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतात का? न्हाणीघराच्या दाराला उंबरा आहे का? पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा असतो का? मोजून सांगते म्हटलं, टेप घेऊन घरभर फिरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उलट फोन केला. सगळी मापं त्यांनी लिहून घेतली. त्या खालच्या खोलीची चौकशी करत होत्या आणि ती खोली राहण्याजोगी नव्हती.

मी ती रिकामी करायला घेतली आणि आमच्यात वाद सुरू झाला. दादाचं म्हणणं, "हे घर आहे, दवाखाना नाही." न्हाणीघरात आधाराच्या दांड्या बसवल्या की फोटोत त्या दिसणार, आणि तरुण पाहुणे पळून जाणार. वहिनीनं हौसेनं मंद पिवळे दिवे लावले होते, ते बदलायलाही त्याचा विरोध. मी ऐकलं नाही. खाली पलंग टाकला, जिन्याच्या भिंतीच्या बाजूनं दुसरा कठडा लावला, न्हाणीघरात दोन दांड्या बसवल्या, उंबरा काढला. त्या बाई आणि त्यांचे यजमान आले, तेही अगदी रिकाम्या दिवसांत, कारण त्यांना कुणाच्या शाळेची वाट बघायची नव्हती. निघताना बाईंनी माझ्याकडे त्या दांड्यांच्या फोटोची मागणी केली, मुलीला पाठवायला. पुढच्या सुट्टीत ती मुलगी, जावई आणि नातवंडं या दोघांना घेऊन आली आणि अख्खं घर घेतलं.

दादाला हे अजून पटवून द्यावं लागतं. तीन पिढ्या एकत्र प्रवासाला निघतात तेव्हा घर कुठलं घ्यायचं ते ज्याला सर्वांत कमी चालता येतं त्याच्यावर ठरतं. आजीला जिना चढवत नसेल तर बाकीच्यांना कितीही आवडलेलं घर बाद होतं. तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर असलेलं घर म्हणूनच एका आजीबरोबर सगळं कुटुंब आणतं. तरुण पाहुणे तर आमच्याकडे आजही येतात, आणि दांडीबद्दल त्यांच्यातल्या कुणी तक्रार केलेली नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक मुलगा आणि दिवस भरत आलेली एक बाई, दोघांनी त्या दांडीचे आभार मानले.

आता मापं सांगते, कारण "बाथरूम सुरक्षित आहे" या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अमेरिकेतल्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या (एडीए) मानकांत आधाराची दांडी जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटीमीटरवर असावी आणि तिनं साधारण ११३ किलोचा भार पेलावा असं आहे. तुमच्याकडे तो कायदा लागू असो वा नसो, माप म्हणून ते चांगलं आहे. दांडी भिंतीत पक्की ठोकलेली हवी. रबरी वाट्यांनी चिकटवायच्या दांड्या मिळतात, त्या मुळीच लावू नका. ओल्या टाइलवरून त्या नेमक्या भार पडल्यावर सुटतात. टॉवेलची दांडी म्हणजेही आधाराची दांडी नव्हे, पण घसरताना माणूस हाताला लागेल ते धरतो. म्हणून टॉवेलच्या जागीसुद्धा पक्कीच लावावी, असं माझं मत. कमोडची बैठक ४३ ते ४८ सेंटीमीटर उंच असावी. दार उघडल्यावर मोकळी जागा निदान ८१ सेंटीमीटर मिळावी. घरं भाड्यानं देण्याच्या एअरबीएनबी या साइटवर रुंद दार आहे का हे शोधताना हेच माप धरतात, आणि तिथं अशा प्रत्येक सोयीचा फोटो द्यावा लागतो. या कंपनीनं २०१७ साली अपंग प्रवाशांसाठी घरं शोधून देणारी ॲकोमेबल ही छोटी कंपनी विकत घेतली, त्यानंतर हे बारकावे तिथं वाढत गेले. लोक फिल्टर लावून याच सोयी शोधतात, तेव्हा जाहिरातीतले त्यांचे रकाने रिकामे सोडू नका.

प्रकाशाचं मात्र घर भाड्यानं देणाऱ्या फार थोड्यांना कळतं. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडतं. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायलाही जास्त वेळ लागतो. मंद दिव्यांची खोली तुम्हाला शांत वाटते, त्यांना ती अंधारी असते. पांढऱ्या टाइलवर पांढरा कमोड आणि पांढरीच दांडी असेल तर कडा कळत नाहीत. पायरीची कड वेगळ्या रंगाच्या पट्टीनं दाखवा. पलंगापासून संडासापर्यंत हालचालीवर आपोआप लागणारे छोटे दिवे लावा. सुटे गालिचे उचलून ठेवा, ते कितीही सुंदर असले तरी. पडून जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. सजावटीची हौस भागवताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

पाण्याचा गीझर ४९ अंशांच्या वर ठेवू नका, उतारवयात त्वचा पातळ होते आणि लवकर भाजते. धुराचा अलार्म असेल तर तो ५२० हर्ट्झच्या खालच्या सुराचा बघा, कारण वयानुसार आधी उंच सुरांचं ऐकणं कमी होतं आणि नेहमीच्या कर्कश अलार्मनं झोपलेला माणूस उठेलच असं नाही. पलंगाशेजारी मोकळा प्लग हवा, काहींना झोपेत श्वासाचं यंत्र लागतं. फ्रिज चालू आणि स्वच्छ हवा, कारण न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत घराचा पूर्ण पत्ता, जवळचं इस्पितळ आणि तुमचा नंबर लिहून ठेवा. रात्री रुग्णवाहिकेला फोन करताना परक्या घराचा पत्ता कुणाला आठवत नाही.

दादाचं दुसरं म्हणणं, ज्येष्ठ पाहुणे फार फोन करतात. करतात आणि करू द्यावेत. येण्याआधी ज्यानं दहा प्रश्न विचारले तो येऊन तक्रार करत नाही, त्याला काय मिळणार ते आधीच ठाऊक असतं. ॲपवरच्या निरोपावर भागवू नका, फोन नंबर द्या आणि उचला. कुलपाचे आकडे अंधारात बारीक बटणांवर दाबायला लावू नका. दाराबाहेर किल्ली ठेवायची छोटी कुलपाची पेटी असते, संधिवाताच्या बोटांना तीही उघडत नाही. शक्य असेल तर पहिल्या दिवशी स्वतः दारात उभे राहा, गरम पाणी कुठून येतं ते दाखवा आणि निघा. मागे रेंगाळू नका, त्यांना एकांत हवाच असतो.

आता थोडी सावधगिरी. साठीपुढचा प्रत्येक जण दुबळा नसतो. कित्येक जण तुमच्यापेक्षा जास्त डोंगर चढतात आणि त्यांना जपून वागवलेलं आवडत नाही, म्हणून वय किंवा आजार विचारू नका. "तुम्हाला घराबद्दल काही विचारायचंय का?" एवढंच विचारा. भाडं कमी करायचंच असेल तर वयावर न करता मुक्कामाच्या लांबीवर करा. निवृत्त माणसं दोन रात्रींऐवजी दोन आठवडे राहू शकतात, आणि रिकाम्या दिवसांत तुम्हाला तेच हवंय. मुख्य हंगामात याची गरज पडणार नाही.

एकच जिना आणि वरच खोल्या असतील, तळमजल्यावर काहीच करता येत नसेल, तर तसं स्पष्ट लिहा: १४ पायऱ्या, मध्ये वळण, कठडा एकाच बाजूला. बाहेरची पायरी १५ सेंटीमीटरची असेल तर उतारासाठी निदान १.८ मीटर लांबी लागते, कारण प्रमाण एकास बाराचं हवं. फळी आडवी टाकून "व्हीलचेअर चालते" असं लिहू नका. फोनवर कुणी विचारलंच तर जमणार नाही म्हणून सांगा, आणि जवळपास ज्यांच्याकडे जमेल त्यांचं घर माहीत असेल तर तेही सांगा.