घड्याळाची चेन ढिली आहे? आधी लॉक बघ

अरे, लगेच कड्या काढायला बसू नकोस. आधी लॉकच्या कडेची बारीक छिद्रं बघ. आतली स्प्रिंगची दांडी टोकदार वस्तूने दाबून पुढच्या छिद्रात सरकवली की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

नाहीच भागलं तर चेन उलटी करून कड्यांच्या आतल्या बाजूचे बाण शोध. पिन बाणाच्या दिशेनेच बाहेर ढकलायची. परत घालताना बाणाच्या उलट दिशेने. पिनचं एक टोक चिरलेलं असेल तर अखंड टोक आधी आत घाल, चिरलेलं शेवटी. पिनऐवजी कडेला स्क्रू दिसला तर हातोडी लांब ठेव, बरोब्बर मापाचा बारीक स्क्रूड्रायव्हर आण.

सगळं काम जुन्या टॉवेलवर कर. सेइको कंपनीच्या घड्याळांच्या काही चेनमध्ये पिनवर मुगाच्या दाण्याहूनही लहान नळी असते. पिन निघाली की ती गुपचूप घरंगळते, आणि तिच्याशिवाय पिन टिकत नाही. माझी एक फरशीच्या फटीत गेली ती गेलीच. शेवटी घड्याळजीकडे जावं लागलं.

कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढ, म्हणजे लॉक मनगटाखाली मधोमध बसेल. माप सकाळी घेऊ नकोस. दुपारी उन्हातून आल्यावर मनगट थोडं फुगतं, तेव्हा घे. चेनखाली करंगळी सहज गेली पाहिजे. काढलेल्या कड्या पिनांसकट डबीत जपून ठेव.